आरसा नेमकं काय उलटवतो?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. वर्गात शिरताना त्यांच्या एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात काही ना काही वस्तू असायचीच, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात नुसतं बोलून जाणं बरं दिसणार नाही. म्हणून या टेबलावर एक साधा आरसा, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक कागद, एक मार्कर आणि काटकोनात जोडलेले दोन आरसे ठेवले आहेत. आजचा विषय एवढ्या सामानात मावतो.

विषय आरशाचा आहे. सकाळी उठल्यापासून आपण त्याच्यासमोर उभे राहतो. दाढी करतो, भांग पाडतो, टिकली लावतो, बाहेर पडताना एकदा वळून पाहतो. इतकी रोजची वस्तू. पण तिच्याबद्दल एक प्रश्न विचारला की भलेभले घुटमळतात. आरसा डावं-उजवं उलटं करतो असं आपण शाळेत शिकलो. मग तो वर-खाली का उलटं करत नाही? डोकं खाली आणि पाय वर असे आपण का दिसत नाही? काचेच्या त्या निर्जीव तुकड्याला कुठलं डावं आणि कुठलं वर, हे कळतं कसं? आरसा भिंतीवर उभा टांगा की आडवा टांगा, फरक पडत नाही. एक डोळा मिटून पाहा, फरक पडत नाही. कॉटवर कुशीवर आडवं होऊन पाहा. तरीही आपला डावा हात आरशातल्या माणसाचा उजवाच वाटतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचाही इथे संबंध दिसत नाही. मग हे चाललंय काय?

सरळ उत्तर देतो आणि मग ते पटवायचा प्रयत्न करतो. आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही. वर-खालीही करत नाही. आरसा फक्त मागचं पुढे आणि पुढचं मागे करतो.

समजा, या सभागृहाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर मोठा आरसा आहे आणि मी त्याच्याकडे तोंड करून उभा आहे. डावा-उजवा हे शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू, फक्त दिशांनी बोलू. मी पूर्वेकडचा हात वर केला. आरशात कुठला हात वर झाला? पूर्वेकडचाच. पूर्व पूर्वेलाच राहिली. माझं डोकं छताकडे आहे, प्रतिमेचंही छताकडेच आहे. वर वरच राहिलं. मग बदललं काय? माझं नाक उत्तरेकडे आहे आणि प्रतिमेचं नाक दक्षिणेकडे. एवढंच आणि एवढंच बदललं. आरशाच्या पृष्ठभागाला जी दिशा लंब असते ती एकच दिशा तो उलटवतो. बाकीच्या दोन दिशांना हातही लावत नाही.

याचा पडताळा हवा असेल तर पावसाळ्यात भरलेल्या एखाद्या तळ्याकाठी जा. काठावरच्या देवळाचा कळस पाण्यात खाली दिसतो आणि पायऱ्या वर. तिथे वर-खाली उलटलं, कारण पाण्याचा पृष्ठभाग सपाट पसरलेला आहे आणि त्याला लंब दिशा म्हणजे वर-खाली. नियम तोच. पण तिथे उभं राहून कुणी विचारत नाही की पाण्यानं डावं-उजवं का नाही उलटवलं.

हे सगळं घडतं एका जुन्या आणि सोप्या नियमानं. प्रकाश आरशावर ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोननं याचं फार सुंदर कारण दिलं होतं: वस्तूपासून निघून आरशाला लागून डोळ्यापर्यंत पोचायचे जितके रस्ते कल्पिता येतील, त्यांतला सर्वांत जवळचा रस्ता प्रकाश धरतो. एवढ्या एका नियमावरून ठरतं की प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर दिसणार, जितक्या अंतरावर आपण पुढे आहोत. याच नियमातून निघणारी एक गोष्ट मला फार आवडते. आंघोळीनंतर आरशावर वाफ जमली की बोटानं आपल्या चेहऱ्याची कड त्यावर गिरवा आणि मग ती मोजा. ती चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरते. मागे सरा, पुढे या, निम्मीच. म्हणून पूर्ण उंचीचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसायला त्याच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, मात्र तो योग्य उंचीवर लावलेला हवा. मागे सरकलं की आणखी दिसेल, ही समजूत चुकीची आहे. लहान आरशासमोर कितीही मागे गेलात तरी तेवढाच माणूस दिसणार. घरी करून पाहा.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं हाच खरा अवघड आहे. आरसा जर डावं-उजवं बदलत नसेल, तर आपल्या सगळ्यांना ते बदलल्यासारखं का वाटतं? तुम्हाला, मला, लहान मुलांना, सगळ्यांना?

कारण ती अदलाबदल आपण करतो, आपल्या मनात. समोर एक माणूस आपल्याकडे तोंड करून उभा दिसतो. आपण मनातल्या मनात चालत त्याच्या जागी जातो आणि त्याच्यासारखे उभे राहण्यासाठी वळतो. वळतो कसे? पायांवर, गिरकी घेऊन. त्या गिरकीत आपला पूर्वेकडचा हात पश्चिमेला गेला. मग आपण प्रतिमेशी तुलना करतो आणि म्हणतो, अरेच्चा, हात उलटे आहेत! उलटे आपण केले, वळताना. समजा, आपण गिरकी घेण्याऐवजी शीर्षासन करून त्या माणसाच्या जागी गेलो असतो, तर हात बरोबर जुळले असते आणि डोकं-पाय उलटे झाले असते. पण तसं कुणी करत नाही. माणसं पायांवर वळतात. शिवाय आपलं शरीर डावीकडे आणि उजवीकडे जवळजवळ सारखं आहे. डोक्याकडे आणि पायाकडे मात्र अजिबात सारखं नाही. म्हणून न जुळणारी बाजू आपण डाव्या-उजव्यावर ढकलून देतो, तिथे ती सहज खपून जाते. रिचर्ड फाइनमन हे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ हा खुलासा हातवारे करत मोठ्या आनंदानं सांगायचे. मला स्वतःला तो नुसता ऐकून पटत नाही, हाताळून पटतो.

म्हणून हा प्लॅस्टिकचा कागद. यावर मी मार्करनं ठळक अक्षरांत लिहितो: 'कमळ'. तुम्ही समोर आहात, मी कागद माझ्याकडे तोंड करून धरला आहे, म्हणजे मला तो सरळ वाचता येतो. आता आरशासमोर धरतो. आरशात काय दिसतं? सरळ 'कमळ'. एकही अक्षर उलटं नाही! पहिल्या रांगेतल्या मंडळींनी पुढे येऊन खात्री करून घ्यावी. मग पुस्तकाचं पान आरशात उलटं का दिसतं? कारण कागद अपारदर्शक असतो. आरशाला दाखवायला तो आपण फिरवतो. उभ्या अक्षावर फिरवला तर अक्षरं डावी-उजवी उलटतात. तोच कागद कॅलेंडरचं पान उलटावं तसा खालून वर फिरवून दाखवा. आरशात अक्षरं डोक्यावर उभी दिसतील आणि डावं-उजवं जागच्या जागी राहील. उलटवलं ते आपल्या हातांनी. आरशानं जे समोर आलं ते परत पाठवलं.

रुग्णवाहिकेच्या तोंडावर अक्षरं उलटी का रंगवतात, हेही यातच येतं. पुढच्या गाडीचा चालक मान वळवून मागे पाहील तर त्याला साधी अक्षरं साधीच दिसतील. आरसा त्याला न वळता मागचं दाखवतो. वळणं वाचलं, त्याची किंमत अक्षरांना द्यावी लागली. म्हणून ती आधीच उलटी रंगवून ठेवायची.

इथवर काय झालं ते एकदा मनात पक्कं करू. आरसा पुढचं-मागचं उलटवतो. डावं-उजवं आपण उलटवतो. पण मग कुणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला; फरक काय पडतो? फार मोठा फरक पडतो.

भांडी घासताना वापरतात तो रबरी हातमोजा घ्या. उजव्या हाताचा मोजा कितीही फिरवा, उलटा करा, गोल फिरवा. तो डाव्या हातात नीट बसत नाही. पण आतली बाजू बाहेर काढून तो पालटला की त्याच मोज्यात डावा हात अलगद जातो. आरसा आपल्याला अगदी असंच पालटतो, नाकाकडून पाठीकडे. आणि पालटलेला माणूस कुठल्याही बाजूनं फिरवून आपल्यासारखा करता येत नाही. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाला 1768 मध्ये या गोष्टीनं पछाडलं होतं. दोन हात, सगळी मापं सारखी, बोटांची लांबी सारखी, तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. हा फरक असतो तरी कुठे?

हा फरक रेणूंमध्येसुद्धा असतो, हे 1848 मध्ये पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं दाखवलं. तेव्हा तो पंचविशीत होता. द्राक्षाच्या मद्याशी संबंधित असलेल्या टार्टारिक आम्लाचा एक क्षार त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. स्फटिक सारखेच दिसत होते, पण नीट पाहिल्यावर काहींचा एक तिरपा पैलू एकीकडे आणि काहींचा दुसरीकडे कललेला आढळला. एक जात दुसरीची आरशातली प्रतिमा. त्यानं चिमट्यानं एकेक स्फटिक निवडून दोन ढीग केले, पाण्यात विरघळवले, आणि दोन्ही द्रावणांतून विशिष्ट प्रकारचा प्रकाश पाठवला. एका द्रावणानं त्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा एका बाजूला फिरवली, दुसऱ्यानं विरुद्ध बाजूला. चिमटा, डोळे आणि धीर, एवढ्यावर झालेलं हे संशोधन आहे. विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ते सांगितलं पाहिजे.

सजीवांची घडण या बाबतीत एकाच बाजूची आहे. आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं एकाच हाताची, आपल्या शर्करा एकाच हाताच्या. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपाच्या बियांचा वास ज्या द्रव्यांतून येतो, ती दोन्ही एकाच रेणूची आरशातली जोडी आहेत. नाकाला मात्र ती वेगळी कळतात. तेव्हा आरशातला तो माणूस खरोखर बाहेर आला असता तर त्याचं काळीज उजवीकडे असतं, हे तर झालंच. पण त्याला आपली भाकरीही पचली नसती. त्याच्या पोटातली पाचकद्रव्यं आपल्या पिठातल्या पिष्टमय पदार्थाला जुळलीच नसती. आरशासमोर रोज ज्याला आपण 'मी' म्हणतो, तो इतका परका आहे.

याच पालटण्याचा एका शास्त्रज्ञानं वेदनेवर उपाय म्हणून वापर केला. विलयनूर रामचंद्रन. तमिळनाडूत जन्मलेले हे मेंदूशास्त्रज्ञ अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करतात. हात कापावा लागलेल्या अनेकांना तो हात अजून आहे असं वाटत राहतं आणि काहींना त्या नसलेल्या हातात असह्य दुखतं. मूठ घट्ट आवळलेली आहे, नखं तळव्यात रुतताहेत, पण मूठ उघडता येत नाही. कशी उघडणार? हातच नाही. 1990च्या दशकात रामचंद्रन यांनी एका खोक्यात मधोमध आरसा उभा केला. रुग्णानं धडधाकट हात एका बाजूनं आत घालायचा आणि आरशात पाहायचं. आरशातला उजवा हात डावा होऊन बरोबर त्या जागी दिसतो, जिथे गेलेला हात जाणवत असतो. आता धडधाकट मूठ आवळायची आणि हळूहळू उघडायची. आरशात गेलेला हात उघडताना दिसतो. काही रुग्णांची आवळलेली मूठ तिथे सुटली, दुखणं कमी झालं. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण जगातल्या अनेक रुग्णालयांत आज हा साधा आरसा उपचारात आहे. आणि लक्षात घ्या, तिथे आरसा पालटतो म्हणूनच उपयोगी पडतो. न पालटणारा आरसा तिथे कुचकामी ठरला असता.

न पालटणारा आरसा? असा असतो का?

असतो, आणि तो करायला फार सोपा आहे. हे दोन आरसे पाहा. दोन्हींच्या कडा एकमेकींना टेकवून काटकोनात उभे केले आहेत, पुस्तक अर्धवट उघडून ठेवावं तसे. याच्यासमोर बसलं की तीन प्रतिमा दिसतात. बाजूच्या दोन नेहमीच्या, पालटलेल्या. पण मधली, जिथे दोन आरशांचा सांधा आहे तिथली, वेगळी. माझ्या उजव्या कानावरून निघालेला प्रकाश आधी उजवीकडच्या आरशावर पडतो, तिथून डावीकडच्या आरशावर आणि तिथून माझ्या डोळ्यात. म्हणून माझा उजवा कान मला डावीकडे दिसतो. समोर बसलेल्या दुसऱ्या माणसाचा उजवा कान मला जिथे दिसला असता, अगदी तिथे. एकदा पालटलेलं दुसऱ्यांदा पालटून सरळ झालं.

सलूनमध्ये हा नियम भिंतीभर पसरलेला असतो. पुढे आरसा, पाठीमागे आरसा. पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर समोरच्या आरशात उलटं दिसतं. पण समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या आरशात जाऊन पुन्हा पुढच्या आरशात आलं की त्यावरची तारीख सरळ वाचता येते. परावर्तनं विषम असली की पालटलेलं, सम असली की सरळ. पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा मोजा.

ही कल्पना आजची नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोनं 'टिमेअस'मध्ये आतल्या बाजूला वळलेल्या आरशाचं वर्णन केलं आहे, ज्यात उजवं उजवंच दिसतं. आता एक गंमत पाहा. मी हे जोडआरसे आडवे करतो, सांधा जमिनीला समांतर. आता मी उलटा, खाली डोकं वर पाय. पण पालटलेला नाही. माझा उजवा हात उजवाच, फक्त माणूस डोक्यावर उभा. आता सांधा तिरपा करतो. चेहराही फिरला, आणि सांधा जितका फिरवावा त्याच्या दुप्पट फिरला. डावं-उजवं आणि वर-खाली यांत काचेच्या लेखी काही फरक नाही, हे याहून चांगलं कसं दाखवणार?

असेच तीन आरसे, प्रत्येक जोडी काटकोनात, म्हणजे खोलीचा कोपरा. त्यात कुठूनही प्रकाश टाका, तो आला त्याच वाटेनं परत जातो. सायकलच्या मागच्या लाल तुकड्यात हेच बारीक कोपरे असतात. 1969 मध्ये अपोलो 11च्या अंतराळवीरांनी असे 100 कोपरे बसवलेली चौकट चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून तिच्यावर लेसर टाकून आपण चंद्राचं अंतर मोजतो आणि तो दर वर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर जातो आहे हे सांगू शकतो. आपल्या चांद्रयान-3च्या विक्रम लँडरवरही नासाचा असा छोटा परावर्तक आहे. 12 डिसेंबर 2023 रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानानं त्यावर लेसर टाकला आणि तो परत मिळाला.

चंद्रावरून पुन्हा आपल्या चेहऱ्याकडे येऊ, कारण शेवटचा मुद्दा त्याचाच आहे.

या जोडआरशात पहिल्यांदा पाहिलेली माणसं दचकतात. आपण उजवीकडे कललो की समोरचा आपल्या डावीकडे कलतो, म्हणजे त्याच्या उजवीकडे. कंगवा घेऊन भांग पाडायला जावं तर हात भलतीकडे जातो. आणि चेहरा? ओळखीचा, पण कुठेतरी बिनसलेला. एक भुवई वर गेलेली, ओठाचा एक कोपरा खाली आलेला. हे सगळं रोजच्या आरशातही असतं. पण तिथे त्याची सवय झालेली असते.

1977 मध्ये अमेरिकेत मिल्वॉकीच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात थिओडोर मीटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. विद्यार्थिनींचे फोटो काढले आणि प्रत्येकीच्या फोटोच्या दोन प्रती केल्या, एक सरळ आणि एक पालटलेली. कुठली आवडते, असं तिला विचारलं आणि तिच्या जवळच्या मैत्रिणीलाही विचारलं. फोटोतल्या मुलींचा कल आरशासारख्या पालटलेल्या प्रतीकडे होता. मैत्रिणींचा कल सरळ प्रतीकडे. चेहरा तोच, कागद तोच. जिला जो पाहायची सवय, तिला तो आवडला. जे वारंवार दिसतं ते आवडू लागतं, असं रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये मांडलं होतं, त्याचा हा नेमका पुरावा.

विचार करा, ही सवय किती जुनी आहे. अजिंठ्याच्या 17व्या लेण्यातली शृंगार करणारी राजकन्या हातात आरसा धरून उभी आहे. तिनं स्वतःला पाहिलं असेल ते त्यातच. केरळातल्या अरनमुळा गावी आजही तसा धातूचा आरसा घासून करतात. 1839 मध्ये छायाचित्रण जगापुढे आलं, त्याआधी आपला चेहरा पाहायला माणसाला आरसा, पाणी किंवा चित्रकाराचा हात, एवढाच आधार होता. चित्रकार स्वतःचं चित्र काढताना पाही ते आरशातच. डिसेंबर 1888 मध्ये व्हॅन गॉगनं डावा कान कापून घेतला. जानेवारी 1889 मधल्या त्याच्या चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते. त्यानं आरशात दिसलं ते इमानानं रंगवलं. सुरुवातीच्या काही छायाचित्रांतही माणूस पालटून येई. अमेरिकेतल्या बिली द किड या बंदूकबाजाचा पत्र्यावरचा एक फोटो तसाच होता. त्यावरून लोकांनी त्याला डावखुरा ठरवलं आणि 1958 मध्ये त्या डावखुरेपणाच्या नावानं चित्रपटही निघाला. फोटोतल्या विंचेस्टर रायफलनं खरं काय ते सांगितलं. तिच्यात गोळ्या भरायची फट उजव्या बाजूला असते, फोटोत ती डावीकडे होती.

आपल्याकडे असा पुरावा गणेशोत्सवात घरोघरी सापडतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं गणपतीसोबत फोटो काढला आणि तो पालटूनच जतन झाला, तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. आणि उजव्या सोंडेचं सोवळं कडक, हे माहीत असलेल्या आजीच्या जिवाला घोर लागतो. तिला सांगा, फोटोतल्या सुनेची नथही उजव्या नाकपुडीत गेली आहे, पदर उजव्या खांद्यावर गेला आहे आणि मुलाच्या सदऱ्याचा खिसाही उजवीकडे. मूर्ती आहे तशीच आहे.

पण यातली एक गोष्ट मला मनापासून लागते, ती बोलल्याशिवाय मी थांबणार नाही. बहुतेक फोनवर फोटो काढताना पडद्यावर आरशासारखा चेहरा दिसतो आणि पुष्कळदा जतन होताना तो सरळ होतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली तो सरळ झालेला चेहरा पाहतात आणि म्हणतात, माझं तोंड वाकडं आहे. त्यात फोन हातभर अंतरावर, म्हणून नाक मोठं येतं. तो निव्वळ जवळून पाहण्याचा परिणाम. त्या मुली खचतात. काही जणी फोटोत येणंच सोडून देतात. या मुलींना कुणीतरी सांगायला हवं की तुझा चेहरा वाकडा नाही, तुला तो या बाजूनं पाहायची सवय नाही. तुझ्या आईला, तुझ्या मैत्रिणींना, तुझ्यावर माया करणाऱ्या प्रत्येकाला जो चेहरा आवडतो, तो हाच सरळ चेहरा आहे. आरशातली ती मुलगी तर त्यांनी कधी पाहिलेलीच नाही.

अमेरिकेत 1990च्या दशकापासून असे जोडआरसे 'ट्रू मिरर' या नावानं विकले जातात. त्यात माणसाला आपलं खरं रूप भेटतं, असंही सांगितलं जातं. दुसऱ्यांना दिसणारी आपली बाजू त्यात दिसते, हे भूमितीच्या दृष्टीनं शंभर टक्के खरं. त्यापुढचा दावा मी मानत नाही. साधा आरसा आणि जोडआरसा, दोन्ही नियमानं वागतात, दोन्ही खोटं दाखवत नाहीत.

तेव्हा या सभागृहातल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. काचवाल्याकडून एक फूट उंचीचे, अर्धा फूट रुंदीचे दोन आरसे कापून आणा. कडा घासून घ्यायला सांगा, ताज्या कापलेल्या काचेनं मुलांचे हात कापतात. पाठीमागून कापडी चिकटपट्टी लावून ते जोडा आणि सुताराच्या गुण्यानं कोन तपासा. काटकोन थोडा जरी चुकला तरी नाक जाड दिसतं किंवा मधूनच नाहीसं होतं. आरसा नेहमीचा असेल तर चांदी काचेच्या मागे असते, त्यामुळे सांध्यावर एक बारीक रेघ दिसेल, ती राहू द्या. असा एक जोडआरसा प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत, आणि शक्य असेल तर वर्गाच्या दाराशी, या शैक्षणिक वर्षातच बसवून घ्या.